दुसऱ्याने पळवलेली गाडी

संध्याकाळी कोसबाडच्या टेकडीवर बसलं की खालच्या रस्त्यावरची प्रत्येक गाडी कानाने ओळखता येते. चिकूच्या पेट्या घेऊन निघालेला टेम्पो वेगळा, संध्याकाळची एसटी वेगळी, सहाआसनी रिक्षा वेगळी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या बालवाड्यांमुळे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झालेलं हे गाव तसं शांतच आहे. गेल्या उन्हाळ्यात मात्र या ओळखीच्या आवाजांत एक अनोळखी आवाज मिसळला. गाडीने चढावर वेग घेतला की आधी बारीक शीळ, आणि चालवणाऱ्याने पाय उचलला की ‘फुस्स’ असा सुस्कारा. गाडी दारात थांबली, तेव्हा आतून आमचा भाचा उतरला. गाडी त्याच्या मित्राची होती.

‘मामा, अशीच एक जुनी मिळतेय. टर्बो आहे, वर काम केलेली आहे. बघायला याल का? तुम्हाला इंजिनातलं कळतं.’

मला इंजिनातलं कळतं ही आमच्या घरातली दंतकथा आहे. वाडीतला पाण्याचा पंप आणि एक म्हातारा ट्रॅक्टर, एवढ्यावर ती उभी आहे. पण शाळेत इतिहास शिकवण्यात उमेदीची वर्षं गेल्यामुळे, जुनी वस्तू समोर आली की तिचं मागचं-पुढचं विचारायची सवय मला लागली आहे. भाच्याने चिकूच्या चार-पाच हंगामांतून आणि वापीच्या नोकरीतून पैसे साठवले होते. गाडी घेऊन तो रोज मुंबई-अहमदाबाद हायवेवरून जाणार होता. म्हणजे प्रश्न पैशाचाही होता आणि जिवाचाही. मी त्याला म्हटलं, ‘येतो. पण आधी ही टर्बो म्हणजे काय भानगड आहे ते मला वाचू दे.’

त्या वाचनातून जे हाती आलं, ते आज तुम्हाला सांगतो.

ट्रॅक्टरच्या उभ्या धुराड्यावर पत्र्याचं एक टोपण असतं, ते तुम्ही पाहिलं असेल. इंजिन सुरू झालं की ते टकटक नाचू लागतं. धूर बाहेर पडताना त्यात एवढा जोर असतो की लोखंडी पत्रा उचलला जातो. हा जोर आपण हवेत सोडून देतो. डिझेल आपण पैसे मोजून घेतो आणि त्याच्या उष्णतेचा मोठा वाटा धुरावाटे फुकट जातो. तो जोर पकडायचा, त्यावर एक छोटं चक्र फिरवायचं, त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला दुसरं चक्र बसवायचं आणि त्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची, हीच टर्बोची कल्पना. हवा जास्त गेली की इंधनही जास्त जाळता येतं, आणि तेवढ्याच आकाराचं इंजिन जास्त ताकद देतं.

ही कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याची. त्याने १९०५ साली तिचं पेटंट घेतलं. पण कल्पना कागदावर आली म्हणून लगेच चालली असं झालं नाही. धुराच्या तापमानात टिकेल असा धातू मिळायला वीस वर्षं लागली. १९२०च्या दशकात जर्मनीच्या दोन प्रवासी जहाजांवर ब्यूखीची यंत्रणा बसली, आणि १७५० अश्वशक्तीची डिझेल इंजिनं २५०० अश्वशक्तीपर्यंत गेली. त्याच्या आधी, १९१८ साली, अमेरिकेत सॅनफर्ड मॉस नावाच्या अभियंत्याने विमानाचं एक इंजिन ट्रकवर लादून पाइक्स पीक या १४ हजार फुटांच्या डोंगरावर नेलं होतं. तिथल्या विरळ हवेत ३५० अश्वशक्तीचं ते इंजिन २३० पर्यंत घसरलं. टर्बो जोडल्यावर ते पुन्हा ३५०च्या वर गेलं. उंचावर विमानाचा दम टिकवण्याची ही युक्ती पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी बाँबफेकी विमानांनी भरपूर वापरली.

इथवर जहाजं झाली, विमानं झाली. त्यांच्याजवळ चोवीस तास शिकलेला माणूस असतो. खरी गंमत झाली ती टर्बो सामान्य माणसाच्या मोटारीत आल्यावर.

१९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबाइल कंपनीने ‘जेटफायर’ नावाची गाडी काढली. टर्बो बसवून विकायला आलेल्या जगातल्या पहिल्या दोन मोटारींपैकी ती एक. दाबलेली हवा तापते, आणि फार तापलेल्या हवेत पेट्रोल वेळेआधीच भडकून इंजिनाला आतून हादरे देतं. यावर कंपनीने उपाय काढला होता. पाणी आणि मिथेनॉल यांचं मिश्रण बॉनेटखालच्या एका टाकीत भरायचं, ते थोडं थोडं हवेत फवारलं जाई आणि इंजिन थंड राही. टाकी रिकामी झाली तर टर्बोचा दाब आपोआप कमी व्हावा, अशीही सोय होती. आता मालकाने करायचं काय, तर अधूनमधून टाकी भरायची. पुष्कळांनी ती भरलीच नाही. गाडी मंदावली की ते तक्रार घेऊन येत. दोन वर्षांत दहा हजारांहून कमी गाड्या खपल्या आणि मॉडेल बंद झालं. पुढे कंपनीने अनेक गाड्यांवरचा टर्बो स्वतःच काढून साधा कार्ब्युरेटर बसवून दिला.

ही गोष्ट वाचली आणि मी वही मिटून थोडा वेळ बसलो. यंत्रात खोट नव्हती असं मी म्हणणार नाही. पण ज्या माणसाच्या हाती ते गेलं, त्याच्या सवयीवर त्याचं आयुष्य ठरलं. टर्बो गाडीचा सगळा इतिहास मला पुढे याच एका वाक्यात बसलेला दिसला.

शर्यतीच्या जगात याचं दुसरं टोक पाहायला मिळतं. १९७७ साली रेनो कंपनीने फॉर्म्युला वनमध्ये दीड लिटरचं टर्बो इंजिन आणलं. सुरुवातीला ते इतकं धूर काढत बंद पडे की लोक त्या गाडीला पिवळी चहाची किटली म्हणत. १९७९ साली तिने फ्रान्समधली शर्यत जिंकली आणि हसणारे गप्प झाले. १९८३ साली नेल्सन पिकेने बीएमडब्ल्यूच्या टर्बो इंजिनावर जगज्जेतेपद मिळवलं. त्या इंजिनाचा मूळ ठोकळा साध्या रस्त्यावरच्या गाडीचा होता! पुढच्या दोन-तीन वर्षांत अशा दीड लिटरच्या इंजिनांतून हजाराहून जास्त अश्वशक्ती काढू लागले. मात्र ती इंजिनं शर्यतीआधीच्या पात्रता फेऱ्यांपुरती असत. काही फेऱ्या मारल्या की ती उघडून टाकायची आणि दुसरी लावायची. ताकद हवी तेवढी मिळते, फक्त ती आयुष्यातून वजा होते, हे तिथल्या प्रत्येक मिस्त्रीला माहीत होतं. १९८८ नंतर टर्बोवर बंदी आली, ती २०१४ साली उठली.

याच सुमाराला स्वीडनच्या साब कंपनीने उलटा विचार केला. टर्बोतून मिळेल तेवढी सगळी ताकद घ्यायची नाही. दाब ठराविक मर्यादेपलीकडे गेला की जास्तीचा धूर एका झडपेतून बाजूने सोडून द्यायचा. १९७८ साली बाजारात आलेली त्यांची ‘९९ टर्बो’ ही रोज कामावर नेता येईल अशी गाडी होती. आजच्या सगळ्या टर्बो गाड्या याच संयमावर चालतात. ‘काम केलेली’ गाडी म्हणजे बहुतेक वेळा हा संयम कमी केलेली गाडी, हे पुढे लक्षात ठेवा.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या पिढीची मोटार म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यातली फिएट. प्रीमियर ऑटोमोबाइल्सने तिला १९७४ साली ‘पद्मिनी’ हे नाव दिलं. इंजिन १०८९ सीसीचं, ताकद सुमारे ४० अश्वशक्ती. नवी गाडी नोंदवून वर्षानुवर्षं थांबावं लागे, त्यामुळे जुन्या गाडीला चढा भाव असे. तेव्हाही गाड्या बदलल्या जात. कुणी सायलेन्सर बदले, कुणी कार्ब्युरेटर, जिपांचं पेट्रोल इंजिन काढून तिथे डिझेल बसवणं तर गावोगाव चाले. पण त्या काळच्या बदलाचा एक गुण होता. तो डोळ्यांना दिसायचा. बॉनेट उघडलं की मिस्त्री बोट ठेवून सांगे, हे मूळचं नाही.

महाराष्ट्रात टर्बो आधी आला तो डिझेलमधून. टाटांच्या पुण्यात बनणाऱ्या सिएराला १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात टर्बो मिळाला, १९९८ साली सफारी आली ती टर्बो घेऊनच. २००२ साली महिंद्रांची नाशिकला बनणारी स्कॉर्पिओ आली आणि ‘टर्बो’ हा शब्द तलासरी-डहाणूच्या चहाच्या टपरीपर्यंत पोचला. पण या गाड्या कामाच्या होत्या, ओढण्याच्या होत्या. केवळ वेगाच्या हौसेसाठी घ्यावी अशी पेट्रोल टर्बो गाडी आपल्याकडे आली ती मराठवाड्यातून, हे ऐकून मलाही आश्चर्य वाटलं. श्कोडा कंपनीने २००१ साली औरंगाबादजवळ, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, शेंद्र्याला ऑक्टेव्हिया जुळवायला सुरुवात केली, आणि २००४ साली तिचा ‘आरएस’ हा अवतार आणला. १.८ लिटरचं टर्बो इंजिन आणि १५० अश्वशक्ती. पद्मिनीच्या जवळपास चौपट! त्यानंतर २०१० साली रांजणगावच्या कारखान्यातून फिएटची लिनिया टी-जेट आली, २०१३ साली चाकणहून फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय आली, आणि २०१५ साली पुन्हा रांजणगावहून १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंटो आली. शेंद्रा, रांजणगाव, चाकण. ज्या गाड्यांसाठी देशभरातली तरुण मुलं आज जुन्या बाजारात फिरतात, त्यांतल्या कितीतरी आपल्याच राज्यातल्या तीन औद्योगिक वसाहतींतून निघाल्या.

या गाड्या आता नव्या मिळत नाहीत. फिएटने भारतातलं गाड्यांचं उत्पादन गुंडाळलं, पोलोचं उत्पादन २०२२ साली थांबलं. म्हणजे ज्याला हवी त्याने जुनीच घ्यायची, आणि जुनी म्हणजे बहुधा कुणीतरी आधी जोरात पळवलेली.

या पिढीच्या गाड्यांमधला बदल डोळ्यांना दिसत नाही, ही खरी अडचण आहे. इंजिनात किती हवा, किती पेट्रोल, किती दाब, हे आता एक छोटा संगणक ठरवतो. त्यातला हिशेब बदलला की एकही नटबोल्ट न फिरवता पेट्रोल टर्बोची ताकद वीस-पंचवीस टक्के वाढते. त्याला ‘रिमॅप’ म्हणतात. पण वाढलेला ताण क्लचला, गिअरबॉक्सला, पिस्टनला सोसावा लागतो. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त वेळा फिरतो, तोही तेलाच्या पातळ थरावर, आणि पेट्रोल गाडीच्या धुराचं तापमान ९०० अंशांच्या आसपास जातं. तेल वेळेवर बदललं नाही, किंवा जोरात पळवून आल्याबरोबर किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, तर ते तेल आतल्या आत जळून कोळसा होतं. याचा हिशेब पहिल्या मालकाला लगेच चुकवावा लागत नाही. तो बऱ्याचदा दुसऱ्या मालकाच्या वाट्याला येतो. पुष्कळदा तर विकण्याआधी महागडे सुटे भाग काढून वेगळे विकतात, मूळचे परत बसवतात आणि ‘शोरूम कंडिशन’ अशी जाहिरात करतात.

कायदा याबाबत काय म्हणतो, हेही मी पाहिलं. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. त्याच्या ५२व्या कलमानुसार पूर्वी नोंदणी अधिकाऱ्याच्या मंजुरीने गाडीत बदल करता येत असे. २००० सालच्या दुरुस्तीने ते आवळलं. कंपनीने मूळ जी वैशिष्ट्यं ठरवली, त्यांच्याशी विसंगत होईल असा बदल मालकाने करायचा नाही. गॅस किटसारखी इंधन बदलण्याची सोय वेगळी. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हेच स्पष्ट केलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल अपघातानंतर उघड झाला, तर भरपाई नाकारायला तिला आयतं कारण मिळतं, ते वेगळंच.

आमच्या भागात आणखी एक गुंता आहे. तलासरी ओलांडली, अच्छाडचा नाका मागे पडला की गुजरात. थोडं पुढे डावीकडे दमण, उजवीकडे सिल्वासा. अर्ध्या तासात तीन प्रकारच्या नंबरप्लेट दिसतात. तिकडची गाडी स्वस्त मिळते म्हणून लोक घेतात आणि तशीच चालवतात. पण दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांहून जास्त इथे ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो, इथला कर भरावा लागतो. त्यासाठी आधीच्या आरटीओचा ना हरकत दाखला, म्हणजे फॉर्म २८ लागतो. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर ते फिटल्याचा फॉर्म ३५. विकणाऱ्यानेही इथे सावध राहायला हवं. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की गाडी हातोहात कितीही फिरली, तरी अपघाताच्या भरपाईसाठी कागदावर ज्याचं नाव, तोच मालक.

एवढी तयारी करून आम्ही एका रविवारी निघालो. पहिली गाडी सीमेपलीकडच्या एका दलालाकडे होती. ती कोणत्या कंपनीची हे सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता. गाडी चकचकीत होती. भाच्याचे डोळे चमकले. मी बॉनेटवर हात ठेवला. सकाळचे नऊ वाजले होते आणि बॉनेट गरम होतं. ‘आत्ताच धुऊन आणली,’ दलाल म्हणाला. टर्बोची दुखणी थंड इंजिन सुरू करतानाच कळतात, म्हणून ते आधीच गरम करून ठेवलं असावं. आम्ही दोन तास थांबलो. चहा झाला, गप्पा झाल्या. मग इंजिन सुरू करायला सांगितलं. थोडा वेळ तसंच चालू ठेवून पाय दिला, तर मागून निळसर धूर. तेल जळत होतं. बरोबर आणलेल्या मिस्त्रीने हवेचा एक रबरी पाइप सोडवून आत बोट फिरवलं, ते तेलाने माखून निघालं. मीटरवर पंचेचाळीस हजार किलोमीटर होते, पण क्लचचं पेडल आणि स्टिअरिंग त्याहून कितीतरी झिजलेलं होतं. सर्व्हिसची बिलं मागितली तर ‘साहेब, इतकी जुनी बिलं कोण ठेवतं?’ असं उत्तर मिळालं. परतीच्या वाटेवर भाचा एक शब्द बोलला नाही.

दुसरी गाडी महिनाभराने मिळाली, ती नाशिककडच्या एका गृहस्थांची. त्यांनी गाडीआधी एक जाड फाइल समोर ठेवली. पहिल्या दिवसापासूनची सगळी बिलं, कितव्या किलोमीटरला कोणतं तेल घातलं त्याची नोंद. ‘मी हिचा रिमॅप केला होता,’ ते स्वतःहून म्हणाले. ‘तीन वर्षं तशी चालवली. मागच्या वर्षी परत मूळचा करून घेतला. हे त्याचं बिल. क्लच एकदा बदललाय, हे त्याचं. मी ही गाडी जपून चालवली असं सांगणार नाही. पण तेल कधी चुकवलं नाही.’

भाच्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं, बदल केलेली म्हणून मामा नको म्हणणार. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला निष्कलंक साधन कधीच मिळत नसतं. बखर लिहिणारा कुणाच्या बाजूचा आहे, तो काय लपवतो आणि काय कबूल करतो, हे पाहूनच तिच्यावर विश्वास ठेवायचा. त्या फाइलीत जोरात पळवल्याची कबुली होती, आणि ती पळवण्याची किंमत मालकाने वेळच्या वेळी चुकवल्याचे पुरावेही होते. तरीही आम्ही फाइलीवर थांबलो नाही. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी नेऊन संगणक मूळचा आहे ना, हे तपासून घेतलं. प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजला. इंजिन आणि चासी नंबर आरसीशी ताडून पाहिले. रात्रभर उभी ठेवून सकाळी थंड इंजिन सुरू केलं. धूर नव्हता, शीळ बारीक आणि सरळ होती. नाव बदलण्याचे कागद दोघांनी सही करून हातोहात दिले, आणि मगच उरलेले पैसे.

भाव पहिल्या गाडीपेक्षा चाळीस हजारांनी जास्त होता. भाचा घासाघीस करायला निघाला तेव्हा मी त्याला थांबवलं. ते पैसे मला त्या फाइलीचे वाटले.

आता भाचा शनिवारी वाडीवर येतो तेव्हा चढावर ती शीळ ऐकू येते. गाडी अंगणात उभी केल्यावर तो लगेच किल्ली फिरवत नाही. टर्बो थंड व्हावा म्हणून मिनिटभर इंजिन तसंच चालू ठेवतो. शेजारी आमचा ट्रॅक्टर उभा असतो. मधल्या त्या मिनिटात भाचा डॅशबोर्डच्या कप्प्यातून वही काढतो आणि आजचे किलोमीटर लिहून ठेवतो.